ज्युनोचा चौथा आवाज

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर तो हक्क आहे तुझा. आईचे गुडघे तसेच, बाकी सगळे ठीक.

आपल्या ज्युनो-106 सिंथेसायझरचा चौथा आवाज गेला रे, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजवणाऱ्या सहा भागांतला चौथा. एकेक पट्टी दाबत गेलं की दर सहावा सूर चिरकतो, आणि बोट उचललं तरी मागे घुंई चालूच. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून चालू केला. तपासणीत वाजणाऱ्या आवाजाचा आकडा दिसतो. प्रत्येक वेळी 4. म्हणजे त्या आवाजाची 80017ए चिप. वाद्य 1984चं, चिपवरचं काळं आवरण जुनं झालं की त्यातून वीज झिरपते. आतला भाग बहुधा धड आहे.

दुरुस्तीवाला म्हणतो, सहाही काढून नव्या नकला बसवू. नकला चांगल्या निघतात, हे मलाही मान्य. पण आधी जुनी वाचवून पाहावी, असं फार वाटतं. काचेच्या बरणीत शुद्ध ॲसिटोन, झाकण घट्ट, दोन-तीन दिवस. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असतं. खिडकी उघडी, जवळपास गॅस नाही. आवरण मऊ होऊन सालीसारखं सुटतं. सुटलं नाही तर पुन्हा बुडवायचं, खरवडायचं नाही, कारण खालचे तांदळाएवढे भाग त्याच्याबरोबर उपटून येतात. चिप काढताना सोल्डरचा डाग जास्त तापला की बोर्डावरचं तांबं उचलतं, त्याची मला खरी भीती आहे. परत बसवताना सॉकेट घालायचं, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगचा कइया लावावा लागणार नाही. मग त्या आवाजाचा फिल्टर (सुराची धार कमी-जास्त करणारा) नि व्हीसीए (सूर लहान-मोठा करणारा) ट्रिमरच्या छोट्या स्क्रूंवर बाकी पाचांशी जुळवायचा, तोही वाद्य नीट तापल्यावर.

तू म्हणशील, यामाहाचा डीएक्स7 सिंथेसायझर घेतला असता तर! चाउनिंगने शोधलेली आवाज घडवायची एफएम पद्धत, एका वेळी सोळा सूर, सगळं कबूल. पण त्यात आवाज घडवायचा म्हणजे आकड्यांचं रान. ज्युनोत फिल्टरची पट्टी सरकवली की कानालाच कळतं. हे भांडण मी मरेपर्यंत सोडणार नाही!

अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने 1969 साली अहमदाबादेत एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला, इथून दोन तासांवर. तिथलं संगीत आज ऐकू येतं ते टेप जपल्या गेल्या म्हणून. आपल्या ज्युनोत घडवलेले आवाज साठवायला 128 जागा, त्यांत आपल्या दोघांचे किती आवाज आहेत! ते जपणारी आतली 3 व्होल्टची सीआर2032 बॅटरी सोल्डरने डागलेली आहे. ती काढली की सगळं पुसलं. म्हणून आधी मागच्या टेपच्या जागेतून सगळं कॅसेटवर उतरवायचं, तेही दोनदा, आणि व्हेरिफाय करून मगच स्क्रू उघडायचे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पिंटूला दहावीसाठी शुभेच्छा.

शनिवारी ये. तुझा तो कॅसेट रेकॉर्डर घेऊन ये, माझ्या रेकॉर्डरचा पट्टा ढिला झालाय. तू आल्याशिवाय मी चिपला हात लावत नाही.

तुझा,
नाना