ध्यानात मन भटकलं म्हणून सोडू नका

संपादक महोदय,

तलावपाळीवर सकाळी चालायला येणाऱ्यांत हल्ली मेडिटेशनचा विषय खूप निघतो आणि तक्रार एकच, डोळे मिटले की ईएमआय, मुलांची ॲडमिशन, सोसायटीचं पाणी सगळं डोक्यात येतं, मग आपल्याला जमणार नाही म्हणून लोक चार दिवसांत सोडून देतात. याचं खरंच वाईट वाटतं. अहो, मन भटकणं हा दोष नाहीच. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सुमारे २,२५० लोकांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच! गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुनही हेच म्हणतो, आणि मन आवरणं कठीण आहे हे कृष्णसुद्धा मान्य करतो, मग अभ्यास (म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला सराव) आणि वैराग्य सांगतो.

शिबिरांत नुसतं ‘विचार बंद करा’ सांगतात ते मला पटत नाही. मन गेलंय हे लक्षात येणं आणि न चिडता श्वासावर परत आणणं, हाच तर सराव. श्वास एक ते दहा मोजा, आकडा चुकला की पुन्हा एकपासून, सुरुवातीला पाचच मिनिटं. आपल्या आरोग्य पानावर जाणकारांकडून यावर सविस्तर लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)