पन्हाळ्यावर एक मुक्काम

सोन्या,

फोन केला की दोन मिनिटांत तुझं "बाबा, मीटिंग आहे" सुरू होतं म्हणून लिहितोय, रात्री निवांत वाच.

पन्हाळ्याचं ठरवलं तेव्हा तू हसलास, वीस किलोमीटरवर कोण सुट्टीला जातं म्हणून. अरे मी तरी काय वेगळं केलं आजवर, पाहुणे आले की सकाळी वर न्यायचं, तीन दरवाजा, अंधारबाव दाखवायची, दुपारी झुणका-भाकर नि मटक्यातलं दही, आणि दिवे लागायच्या आत पंचगंगेच्या पुलावर परत. मुक्काम म्हणून पन्नाशी उलटली तरी एकदा नाही. आणि तुझी रजा चार दिवसांची, त्यातले दोन प्रवासात, वर आजीचे गुडघे, मनाली कुठनं जमणार होती सांग.

रूमचं मात्र माझंच चुकलं. फोटोत बाल्कनी दिसली म्हणून बुक केली, आणि बाल्कनीसमोर पाण्याची टाकी! त्यात रात्री लाईट गेली. आई मला काय काय बोलली ते तू ऐकलंसच. पण त्यामुळंच आपण चौघं खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसलो ना, लांब खाली कोल्हापूरचे दिवे, ऐन मे महिन्यात आजी शाल मागतीय आणि तू तिला तुझं ऑफिसमधलं काम समजावून सांगतोयस, म्हणजे दिवसभर नक्की करतोस काय ते. मला पण तेव्हाच जरा कळलं, मी झोप आल्यासारखं करून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशीचा तो गाईड आठवतोय? 2025 ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांत पन्हाळा आल्यापासून ही मंडळी जरा जास्तच फॉर्मात आहेत. अंबरखान्यात गंगा कोठीपाशी त्यानं पंधरा मिनिटं खाल्ली, सिद्दी जौहरचा वेढा तर पाऊसबिऊस पाडून सांगितला. पण सज्जाकोठीत आल्यावर एकदम हळू बोलायला लागला. संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटातनं परत आले ते पन्हाळ्यावर, आणि महाराज त्यांना भेटायला इथंच आले, 1680 चा जानेवारी. एप्रिलमध्ये रायगडावर महाराजांचं निधन झालं. म्हणजे बापलेकाची ती शेवटची भेट.

हे एवढं शाळेपासून माहीत होतं रे, पण तिथं उभं राहून ऐकलं तर पोटात कसंतरी झालं. कोण आधी बोललं असेल, काय बोललं असेल. मागं वळून बघितलं तर तू कॉलवर, एका कानात बोट घालून तटापाशी, वाऱ्यात "हॅलो हॅलो" करतोयस.

मला तिथं तुला एक सांगायचं होतं, ते राहिलं. दिवाळीत तू नोकरी सोडलीस तेव्हा मी सगळ्यांसमोर जे बोललो, ते नको बोलायला होतं. तुझ्या आईनं तेव्हाच मला सुनावलेलं. मला कबूल करायला मे उजाडला.

बाकी ठीक. वाघबीळच्या त्या मावशीकडनं द्रोणातली करवंदं घेतलेली, ती आजीनं एकटीनं संपवली आणि आता दात आंबले म्हणून माझ्यावरच चिडलीय. तुझा चार्जर गाडीत सापडला, उद्या कुरिअर करतो.

बाबा