ऑक्टोबरात मार्रादीला यायचं तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

ऑक्टोबरात इकडे यायचं तुमचं जवळजवळ ठरलंय, तर एक रविवार मार्रादीच्या चेस्टनट-जत्रेसाठी राखून ठेवू. गाव इटलीतल्या फ्लॉरेन्स जिल्ह्यातलंच, पण अपेनाइन डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारावर, लामोने नदीच्या काठी. ऑक्टोबरच्या रविवारी तिथे साग्रा भरते, म्हणजे गावच्या पिकाची जत्रा. माझ्या मते महिन्याच्या मधला रविवार धरावा. पहिल्या रविवारी फळ नुकतंच पडायला लागलेलं असतं, आणि आधी पडणाऱ्यांत किडके जास्त निघतात.

बाबा, तुम्ही कलमांचं विचारलं होतंत. हो, इथेही खुंटावर कलम बांधतात. बी लावून उगवलेल्या झाडाचं फळ बारीक, चपटं, आणि आतली तुरट साल गरात घुसलेली. मार्रोने नावाची जी निवडक जात आहे, ती कलमानंच टिकते. तिचं फळ मोठं, किलोला साधारण 60 ते 80 बसतात. कवचावर गडद रेघा असतात आणि आतली साल गरावर नुसती पांघरलेली असते, त्यामुळे भाजल्यावर ती एका ओढीत सुटते. पण मार्रोनेच्या बऱ्याच झाडांच्या नर फुलांत कामाचा परागच नसतो, म्हणून बागेत मधून मधून दुसऱ्या जातीची झाडं राखावी लागतात. सगळी तोडून एकच जात लावली, तर काटेरी बोंडं दिसतात भरपूर, आत मात्र पोचट फळ. जमीन आम्ल हवी. चुनखडीवर हे झाड तग धरत नाही. मार्रादी ज्या भागात येतं, त्या मुजेल्लोच्या मार्रोनेला 1996 मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं.

मध्यंतरी या झाडांवर मोठं संकट आलं होतं. 2002 मध्ये उत्तर इटलीतल्या पिएमोंतेत एक चिनी गांधीलमाशी पहिल्यांदा सापडली आणि मग देशभर पसरली. ती उन्हाळ्यात कळीत अंडी घालते, वसंतात तिथे फुगीर गाठ येते, फांदी खुंटते आणि फळ धरत नाही. अळी गाठीच्या आत बसलेली असते, त्यामुळे फवारणीचा उपयोग शून्य. शेवटी 2005 पासून तिच्यावर जगणारी दुसरी परजीवी माशी जपानहून आणून सोडायला लागले. तिचा जम बसायला काही वर्षं गेली, पण झाडं सावरली. औषधापेक्षा थांबण्यानं काम झालं, हे तुम्हाला नक्की पटेल.

फळ झाडावरून काढत नाहीत. बोंड उकलतं, फळ आपणहून खाली येतं. त्यासाठी सप्टेंबरातच झाडाखालचं गवत कापून जमीन साफ करतात, आणि मग दोन-तीन दिवसांआड जाड हातमोजे घालून वेचणी. त्याहून जास्त दिवस ओल्या पानांत राहिलं की बुरशी धरते. (वाटेत पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही हं, आई. रान वाटलं तरी ती कुणाची तरी बाग असते.)

जत्रेत विकत घेताना खरी पारख लागते. या फळात जवळजवळ निम्मं पाणी असतं, त्यामुळे ते बदामासारखं महिनोन् महिने राहत नाही, भाजीसारखं सांभाळावं लागतं. हातात जड लागलं पाहिजे, कवच चकचकीत हवं, आणि अंगठ्यानं दाबलं तर आत दबता कामा नये. दबलं, म्हणजे गर सुकून कवचापासून सुटलाय. कवचाला भोक दिसलं तर अळी बाहेर पडून गेलेली असते, पण भोक नाही म्हणून आत अळी नाही असं नसतं. म्हणून घरी आणल्यावर पाण्यात टाकायचं, वर तरंगेल ते बाजूला काढायचं.

विकणाऱ्याला एक प्रश्न विचारायचाच: पाण्यात ठेवलेत का? वेचलेली फळं गार पाण्यात बुडवून चार ते नऊ दिवस ठेवायची इथली जुनी रीत आहे. नऊ दिवस म्हणून तिला नोव्हेना म्हणतात. पाणी रोज किंवा दिवसाआड थोडं बदलतात. सगळं बदलत नाहीत, कारण पाण्यात हलकंसं आंबणं सुरू होतं आणि बुरशीला तेच रोखतं. हवा न मिळाल्यानं अळ्याही मरतात. मग सावलीत पातळ पसरून, लाकडी फावड्यानं खालीवर करत कोरडी करायची. इथे घाई केली आणि ओलसर फळं पोत्यात भरली, तर आठवड्यात पोतं काळं पडतं. दुसरी रीत गरम पाण्याची: 50 अंशांवर 45 मिनिटं, आणि लगेच गार पाण्यात. चार-पाच अंश वर गेलं तर गर शिजायला लागतो, खाली राहिलं तर अळी जगते. नोव्हेनाची फळं जास्त टिकतात. न भिजवलेली असतील तर फ्रिजमध्ये भोकाच्या पिशवीत ठेवून आठवड्याभरात संपवायची.

जत्रेत चेस्टनट चौकातच मोठ्या फिरत्या पिंपांत भाजतात, कागदी पुड्यात देतात. घरी करायचे तर फुगीर बाजूवर आडवा लांब छेद द्यायचा, कवच आणि आतली साल दोन्ही चिरली पाहिजेत. छेद राहिला तर आतली वाफ कोंडून फळ फुटतं, डोळ्यालाही इजा होते. मग तासभर पाण्यात, आणि भोकाच्या तव्यावर मध्यम आचेवर 20 ते 25 मिनिटं, सतत हलवत. आच मोठी झाली तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं. उतरवल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचं आणि गरम असतानाच सोलायचं. गार झालं की साल परत गराला चिकटते. चव आणि पोत उकडलेल्या फणसाच्या आठळीच्या जवळ जाणारा, फक्त जास्त गोड.

आई, तुझ्या खाण्याचं सांगते. तोर्तेल्ली म्हणजे चेस्टनटचं सारण भरलेला पास्ता, तो लोणी-चीजमध्ये देतात तसा मांसाच्या रश्श्यातही देतात, म्हणून आधी विचारायचं. गावचा प्रसिद्ध केक नको, त्यात अंडी असतात आणि बहुधा थोडी दारूही. तुझ्यासाठी कास्तान्याच्चो. अर्धा किलो चेस्टनटचं पीठ, पाऊण लिटरच्या आत-बाहेर पाणी, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे ऑलिव्ह तेल, वरून मनुका, चिलगोजे आणि रोझमेरीची पानं. पीठ चाळून पाणी थोडं थोडं घालायचं, नाहीतर गुठळ्या होतात. थर सेंटीमीटरभरच हवा, जाड झाला की मध्ये चिकट राहतो. 190 अंशांवर 35-40 मिनिटं, वर भेगा पडल्या की झालं. ना साखर, ना अंडं, ना धान्य. उपवासाला चालेल का, ते तू ठरव.

पीठ मात्र जत्रेतून भरभरून घ्यायचं नाही, कारण ऑक्टोबरात मिळतं ते गेल्या वर्षीचं असतं. नवं पीठ यायला वेळ लागतो. डोंगरात दगडी खोपटं असतात, वर फळ्यांच्या जाळीवर फळं पसरलेली आणि खाली ओंडक्यांची धुमसती आग. ज्वाळ होऊ द्यायची नाही, नुसती ऊब आणि धूर, महिना-सव्वा महिना. आग भडकली तर फळ करपतं आणि पीठ कडवट होतं. तीन किलो ओल्यांचे जेमतेम एक किलो सुके उरतात. मग कवच झोडपून, पाखडून, हातानं निवडून जात्यावर दळण. म्हणजे डिसेंबर उजाडतोच. मी इथूनच डिसेंबरात घेऊन ठेवीन. जत्रेत घेतलंच तर चिमूटभर तोंडात टाकून बघायचं: गोड हवं, मागे कडवटपणा राहता कामा नये.

बाबा, तुमच्या साखरेसाठी: 100 ग्रॅम भाजलेल्या चेस्टनटमध्ये 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे सहा-सात फळं खाल्लीत तर त्या जेवणात पाव-पास्ता नको.

फ्लॉरेन्सहून मार्रादीला फाएंझाच्या मार्गावरची छोटी आगगाडी जाते. 2023 च्या मे महिन्यातल्या अतिवृष्टीत या डोंगरांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या होत्या आणि जोराच्या पावसात हा मार्ग अजूनही बंद पडतो, म्हणून आदल्या दिवशी मी पाहीन आणि गरज पडली तर मोटारीनं नेईन. दुपारनंतर चौकात पाय ठेवायला जागा नसते, सकाळी दहाच्या आत पोचलेलं बरं. रस्ते चढाचे, दगडी, सकाळी ओले असतात. आईनं चपला नाही, पकड असलेले बूट आणावेत, आणि दोघांनीही स्वेटर हातातल्या बॅगेतच ठेवावा.

तिकिटं काढायच्या आधी तारखा कळवा, म्हणजे मधला रविवार त्यात बसतोय ना ते बघते.

तुमची लेक