इन्फ्लुएन्झाच्या लशीचा साठा साथीआधीच हवा

महोदय,

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आमच्याकडची जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि तेव्हा या आजारावर उपयोगी पडेल अशी लस जगात कुठेच नव्हती. आज लस करता येते, पण ती वेळेवर हाती येत नाही, हे आपण २००९ मध्ये अनुभवले. एप्रिलमध्ये स्वाइन फ्लूचा नवा एच१एन१ विषाणू ओळखला गेला, जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि देशी बनावटीची लस मिळायला २०१० उजाडले. फ्लूची लस अजूनही बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार करतात आणि त्याला पाच-सहा महिने लागतात. साथ बर्ड फ्लूतूनच उद्भवली आणि कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या, तर अंड्यांचाही तुटवडा पडेल.

विषाणू बदलत असताना साठ्याचा उपयोग काय, असे विचारले जाते आणि ही शंका रास्त आहे. तरीही बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूवरची लस आधी करून ठेवली, तर ती तंतोतंत न जुळताही गंभीर आजारापासून काही संरक्षण देऊ शकेल, आणि नेमकी लस येईपर्यंत निदान परिचारिका, आशा कार्यकर्त्या व पोल्ट्रीतले मजूर यांना उघड्यावर सोडावे लागणार नाही. अमेरिकेने असा साठा ठेवला आहे. फिनलंडने २०२४ मध्ये जोखमीच्या कामांतील लोकांना ही लस देऊ केली. आपल्यालाही हा धोका परका नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, आणि २०२१ मध्ये दिल्लीत एक मुलगा या विषाणूने दगावला.

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात अनेक वर्षे लसीकरणाचे काम केले आहे. पावसाळ्यात आमगावच्या वाटेवर लशीचा डबा खांद्याला लावून चालताना बर्फाच्या पिशव्या किती वेळ टिकतील, एवढाच विचार मनात असे. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. तापली तर कमकुवत होते, गोठली तर निकामी होते. म्हणून साठा म्हणजे नुसत्या कुप्या नव्हेत. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला वीज गेल्यावरही चालणारी शीतसाखळी, पुरेशा सिरिंज आणि सुई टोचणारे प्रशिक्षित हात यांचीही तरतूद त्यात असली पाहिजे. ज्या बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार होत असे, त्या शहराला हे नव्याने सांगावे लागू नये.

आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो, चंदगडचा बेळगावला येतो. साथही याच वाटांनी येणार. कोरोनाकाळात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर लोकांची झालेली अडवणूक आम्ही विसरलेलो नाही. साठ्यातील लस आधी कोणाला द्यायची आणि सीमेपलीकडे राहणाऱ्या पण अलीकडे काम करणाऱ्या माणसाला ती कुठे मिळेल, हे बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनांनी आताच एकत्र बसून लेखी ठरवावे, आणि तो निर्णय सीमाभागातील प्रत्येक आरोग्य केंद्रावर कन्नडबरोबर मराठीतही लावावा, अशी माझी दोन्ही सरकारांना कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, खानापूर