पांढरी दोनमधलं लग्न

प्रिय मनू,

तुमच्या लीड्सच्या रजिस्टर लग्नासाठी तू केलेली गाण्यांची यादी व्हॉट्सॅपवर मिळाली, आईलाही वाचून दाखवली, आणि फोनवर बोलायला लागलो की तू मधेच "बाबा लेक्चर नको" म्हणतेस म्हणून सरळ लिहूनच पाठवतोय, निवांत वाच. आत येताना वॅग्नरचं नवरीचं गाणं (ब्रायडल कोरस), सह्या करताना शूबर्टचं आवे मारिया, बाहेर पडताना सनई. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या आहेत, त्यात वाद नाही. पण तुमच्या त्या खोलीत, त्या वीस-पंचवीस मिनिटांत, एकामागोमाग एक लावल्या तर त्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाहीये, लग्नाच्या हॉलमधे डीजे लावतो तसली यादी होते ती.

आधी आवे मारिया, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, नियमाचा आहे. इंग्लंडात सिव्हिल सेरेमनीत, म्हणजे सरकारी रजिस्टर लग्नात, धार्मिक काहीच चालत नाही, प्रार्थना नाही, बायबलमधला उतारा नाही, भजन तर नाहीच. 2005 च्या नियमांनी थोडी सूट दिली, म्हणजे एखाद्या प्रेमगीतात जाता जाता देवाचं नाव आलं तर चालतं, पण मुळात गाणंच प्रार्थना असेल तर नाही. आता गंमत अशी की शूबर्टने 1825 मधे ते केलं तेव्हा ते चर्चसाठी नव्हतंच, वॉल्टर स्कॉटच्या एका दीर्घकाव्यातली एलेन नावाची मुलगी मेरीमातेची करुणा भाकते ते ते गाणं, आणि लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर लोकांनी नंतर बसवले. पण हे सगळं तू रजिस्ट्रारबाईंना ऐन लग्नाच्या दिवशी सांगत बसणार आहेस का? आणि एवढं सांगूनही ती प्रार्थना ती प्रार्थनाच. नुसतं व्हायोलिनवर वाजवलं तर एखादा अधिकारी हो म्हणेल, एखादा नाही म्हणेल, शेवटी अर्थ लावणार तिथला माणूस. त्यामुळे जे काय ठरेल ते आधीच ईमेलने पाठवून त्यांचा होकार लेखी घेऊन ठेव.

याच नियमात आजीची मंगलाष्टकंही अडकतात, तिला मी अजून सांगितलेलं नाहीये. स्वस्ति श्री गणनायकं म्हटलं की खेळ खल्लास, पहिल्याच ओळीत गणपती. ती आपण नंतर, रजिस्ट्रार मंडळी गेल्यावर, वेगळा कार्यक्रम म्हणून करू, अक्षता मी इथून आणतो, आजीला फक्त माईक देऊ नका एवढंच. आणि तू म्हणाली होतीस की एखादी बंदिश लावू, तर त्यातही हीच पंचाईत. अर्ध्याअधिक बंदिशींत कान्हा कुणाची तरी वाट अडवून उभा असतो, तो देव आहे की गल्लीतला वात्रट पोरगा हे आपल्यालाच धड सांगता येत नाही, त्या बाईंना काय समजावणार. म्हणून माझं म्हणणं, शब्दच नकोत. नुसती वाद्यं.

वॅग्नरला कायद्याची अडचण नाही, तो ऑपेरातला आहे, लोहेनग्रिन, 1850 मधे जर्मनीतल्या वायमारला फ्रांझ लिस्टने पहिल्यांदा उभा केलेला. अडचण गोष्टीची आहे. त्यातल्या नायिकेला अट असते की नवऱ्याला त्याचं नाव कधी विचारायचं नाही. मग ते कोरसचं गाणं म्हणत लोक त्या दोघांना खोलीपर्यंत सोडायला जातात, आणि लगेच त्याच रात्री ती नाव विचारते आणि संसार तिथेच आटोपतो, तो निघून जातो! जगभरच्या नवऱ्यामुली ज्या सुरावर चालत येतात त्याची पुढची गोष्ट ही अशी. आणि आपल्याकडे बघ, नाव घे नाव घे म्हणून बायका दार अडवून बसतात. तुला तर तिथे त्याचं पूर्ण नाव सगळ्यांसमोर मोठ्याने घ्यायचंच आहे, कायद्यानेच, त्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणजे यमक न जुळवलेला उखाणाच झाला तो. मेंडेल्सनचा मार्च (1842 चा, शेक्सपिअरच्या नाटकासाठी केलेला) त्या मानाने सुखरूप आहे. ही दोन्ही एकत्र लग्नात वाजवायची फॅशन 1858 पासूनची, व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दोन्ही वाजली आणि मग सगळ्यांनाच तसं लग्न हवं झालं. पण मेंडेल्सनला ऑर्गन नाहीतर मोठा ऑर्केस्ट्रा पाहिजे, तुमच्याकडे वाजवणारी माणसं तीन.

सनईबद्दल एकच. ते दाराबाहेरचं वाद्य आहे, नगारखान्यातलं, लांबून ऐकू यावं म्हणून बनवलेलं. चाळीस माणसांच्या खोलीत, कपाटावर ठेवलेल्या ब्लूटूथ स्पीकरमधून ती ऐकवलीस तर कान किटतील आणि तिकडची मंडळी तोंडावर हसू ठेवून सहन करतील. बाहेर हिरवळीवर फोटो काढताना लाव, पोटभर लाव.

आता मी काय सुचवतोय ते. जावईबुवांची आत्या चेलो (मोठं, खर्जातलं व्हायोलिनच म्हण) वाजवते आणि तिच्या दोन मैत्रिणी व्हायोलिन घेऊन येणार आहेत, हे तू यादीच्या शेवटी सहज लिहिलंयस, अगं तीच तर खरी बातमी आहे! माणसं समोर बसून वाजवणार असतील तर रेकॉर्ड कशाला? आणि ती तिघं असतील तर अख्खा समारंभ एकाच सावर होऊ शकतो. पांढरी दोन, पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी. म्हणजे त्यांचा डी.

आत येताना पाखेलबेलचा कॅनन इन डी. होय, मला माहितेय तो वाजवून वाजवून झिजलाय आणि चेलोवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण चेलोला त्यात तेच आठ सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत 28 वेळा वाजवायचे असतात, बाकी काही नाही. पण आपल्या कानाने ऐक जरा, तो चक्क लेहरा आहे गं. तबला सोलोला सारंगी किंवा पेटी कशी तीच ओळ धरून बसते आणि वर तबलजी पाहिजे ते करतो, तसं इथे खाली चेलो धरून बसतो आणि वर व्हायोलिनं एकामागून एक तेच बोलत खेळतात. आत्याबाईंना सांग, मिरजेच्या माणसाच्या मते लेहरा धरणारा हा मैफलीतला सगळ्यात भरवशाचा माणूस असतो. आणि याचा तुला प्रत्यक्ष उपयोग असा की दारापासून टेबलापर्यंत चालायला तुला फार तर अर्धं-पाऊण मिनिट लागेल आणि कॅनन आहे पाचेक मिनिटांचा. दुसरं कुठलंही गाणं असं मधेच तोडलं की चटकन कळतं, रेकॉर्डचा आवाज हळूहळू बारीक करणं तर अगदीच केविलवाणं. कॅननचं आवर्तन दहा-बारा सेकंदांचं आहे, तू पोचलीस की चालू आवर्तन पुरं करायचं, समेवर डी घ्यायचा आणि थांबायचं. एकीने मान हलवून खूण करायची ठरवलं की झालं. (हा कॅनन जुना असला तरी शेकडो वर्षं कुणाला ठाऊक नव्हता, 1968 मधे पायार नावाच्या फ्रेंच माणसाने रेकॉर्ड केला त्यानंतर तो लग्नांमधे शिरला.)

सह्यांची वेळ ही खरी संगीताची वेळ. आधी तू आणि तो, मग दोन साक्षीदार, मग रजिस्ट्रार, त्यात कुणाचं तरी पेन चालत नाही, फोटोग्राफर परत एकदा सही केल्यासारखं करा म्हणतो, सहा-सात मिनिटं आरामात जातात आणि लोक नुसते बसलेले असतात. आमच्या रजिस्टर लग्नात या वेळात फक्त पंखा वाजत होता, साक्षीदार तीन लागले आणि तिसरा चहाला गेलेला. तर या वेळात तिथे भीमपलास वाजू दे.

का भीमपलास ते सांगतो. एक तर वेळ. तुमचं दुपारी दोनला आहे, जूनमधे. लीड्सला तेव्हा पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि रात्री साडेनऊ वाजले तरी सूर्य मावळत नाही, म्हणजे प्रहर चार तासांहून मोठा, मध्यान्ह घड्याळात एकच्या सुमाराला, आणि तिसरा प्रहर तिथून सुरू. सह्या सव्वादोनला धरल्या तर बरोब्बर भीमपलासाच्या वेळेत. इतका काटेकोर मी इथेसुद्धा नसतो पण हिशोब जुळला आणि मजा वाटली.

दुसरं म्हणजे सूर. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, काफी थाट. पांढरी दोनला सा धर आणि पेटीवर वाजवून बघ, सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात, काळी एकही नाही! ते लोक याला डोरियन म्हणतात आणि त्यांना हे परकं अजिबात नाही, तुमच्याच यॉर्कशायरमधल्या स्कारबरोच्या जत्रेचं ते जुनं लोकगीत आहे ना, ते याच सुरांतलं. (शब्द मात्र पूर्वीच्या प्रेयसीला अशक्य कामं सांगणारे आहेत, ते कुणी गाऊ नये म्हणजे मिळवली.) आणि चेलोवर पडदा नसतो, बोट घसरवलं की मींड. मोकळ्या तारांमधे डी आणि ए दोन्ही आहेत, म्हणजे सा आणि पंचम तयारच, त्या दोन तारा एकत्र ओढत राहिलं की तंबोरा झाला, वेगळं ॲप लावायला नको.

मी त्यांच्यासाठी दोन पानं स्टाफ नोटेशनमधे लिहून काढलीयेत. फार काही नाही, संथ आलापाच्या ओळी, मंद्र निषादावरून सा, मग ग, म, तिथे मध्यमावर बसायचं, हा मध्यमच या रागाचा मालक. चढताना रिषभ-धैवत घ्यायचे नाहीत, उतरताना घ्यायचे, ते मी लाल पेनाने लिहिलंय कारण त्यांचा हात सवयीने सगळे सूर चढत जाणार. आणि गंधार. तो कागदावर एफ दिसतो पण तो नुसता एफ वाजवला तर राग पुसलाच जातो, तो मध्यमाला शिवून खाली यायला हवा, त्यांच्या जी या सुरावरून ओघळत. ते नोटेशनमधे येत नाही, म्हणून मी पेटीवर नाही तर गळ्याने गाऊन रेकॉर्ड करून पाठवतो, आवाज म्हाताऱ्याचा आहे तर सांभाळून घ्या म्हणावं. ताल नको, तबला नको. रजिस्ट्रारबाई कधीही "ओके" म्हणतील तेव्हा सावर येऊन थांबता आलं पाहिजे.

बाहेर पडताना हँडलच्या वॉटर म्युझिकमधला हॉर्नपाइप. तोही डीमधेच. 1717 साली थेम्स नदीत राजाची होडी आणि बाजूच्या होडीत पन्नासेक वाजवणारे, आणि राजाला इतकं आवडलं की परत परत वाजवायला लावलं. त्यात धर्म नाही, रडगाणं नाही, पाय आपोआप उचलतात. तीन वाद्यांसाठी केलेली कॉपी सहज मिळते.

लोक येऊन बसत असताना काय, हा प्रश्न राहिला, तिथे एल्गारचं सालू दामूर घ्या, तीनेक मिनिटांचं आहे, सा वेगळा असला तरी तेव्हा कुणी लक्ष देऊन ऐकत नसतं. 1888 मधे त्याने ते होणाऱ्या बायकोला साखरपुड्याची भेट म्हणून केलं. दुकानदाराचा मुलगा, धर्माने कॅथलिक, वयाने तिच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, तिच्या घरचे भडकलेले, तरी तिने पुढच्या वर्षी लग्न केलंच. हे तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांना एल्गार आवडतो असं तू म्हणाली होतीस.

तर एल्गार, कॅनन, भीमपलास, हॉर्नपाइप, एवढं रजिस्ट्रारला पाठव, भीमपलासापुढे "वाद्यसंगीत, शब्द नाहीत" असं स्पष्ट लिही. आत्याबाईंचा ईमेल मला दे, नोटेशन थेट त्यांनाच पाठवतो, आणि जूनच्या आधी एकदा व्हिडिओ कॉलवर त्या गंधारावर बसू, भले तासभर लागू दे.

आणि हो, 2021 पासून तिकडे लग्नाच्या कागदावर आईचंही नाव घालतात म्हणे, आधी फक्त बापाचं असायचं. हे कळल्यापासून आई खूष आहे आणि विचारतेय की पासपोर्टवरचं नाव द्यायचं की माहेरचं, तेवढं लगेच कळव.

तुझा
बाबा