जर्मन चित्रांखाली माप आणि साल छापावे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत फाळणी झालेल्या जर्मनीतील चित्रकलेवर लेख आला. हा विषय मराठीत क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून आधी आभार. मात्र ‘पूर्वेकडे प्रचार, पश्चिमेकडे स्वातंत्र्य’ ही त्यातील वाटणी आम्हांला मान्य नाही. चित्र कोणी करवून घेतले, कितीदा बदलायला लावले आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय अशी वाटणी करता येत नाही.

पूर्वेत दडपण होते, यात वाद नाही. मार्च १९५१ मध्ये सत्ताधारी पक्षाने रूपवादाविरुद्ध, म्हणजे आशयापेक्षा रूपाला महत्त्व देणाऱ्या कलेविरुद्ध, ठराव केला. त्याच वर्षी बर्लिनच्या फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकातील होर्स्ट श्ट्रेम्पेल यांच्या भित्तिचित्रावर रंग फासला गेला. ढिगारे उपसून देश उभारा, हा त्याचा विषय सरकारला हवा तोच होता. खटकली ती शैली. माक्स लिंगनर यांना तर मंत्रालयाच्या भित्तिचित्राचा आराखडा पंतप्रधान ग्रोटेवोल यांच्या सूचनांवरून पाच वेळा बदलावा लागला. शेवटी माइसेनच्या चिनी मातीच्या फरशांवर हसतमुख मोर्चा उतरला. १६ जून १९५३ रोजी त्याच इमारतीसमोर वाढीव कामाच्या कोट्याविरुद्ध खरेखुरे कामगार येऊन उभे राहिले.

पण पश्चिमेचे काय? १९५५ मध्ये आर्नोल्ड बोडे यांनी कासेलमधील बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या संग्रहालयात पहिले डोक्युमेंटा हे आधुनिक कलेचे प्रदर्शन भरवले. उघड्या विटांना पांढरा रंग दिला, प्लास्टिकचे पडदे सोडले आणि नाझींनी ‘विकृत’ ठरवलेली कला पुन्हा लोकांपुढे आणली. फार मोठे काम होते ते. तरीही तिथे चित्रकार एमिल नोल्डे दिसले ते केवळ पीडित म्हणून. त्यांच्या १,०५२ कलाकृती जप्त झाल्या, हे खरे. ते स्वतः नाझी पक्षाचे सभासद होते, हेही खरे. बोडे यांचे सहकारी वेर्नर हाफ्टमान हेही १९३७ पासून पक्षात होते, हे अगदी अलीकडे उघड झाले. पूर्व बर्लिनच्या अकादमीने काढून टाकलेल्या गेओर्ग बाझेलित्झ यांची दोन चित्रे १९६३ मध्ये अश्लील ठरवून जप्त केली, ती पश्चिम बर्लिनच्या सरकारी वकिलांनी.

लेखात वेर्नर ट्यूब्के यांना एका वाक्यात ‘सरकारी चित्रकार’ म्हणून निकालात काढले आहे. निदान सोलापूरकरांनी तरी पूर्व जर्मनीतील बाड फ्रांकेनहाउझेन गावचे, प्रेक्षकाभोवती गोल फिरणारे त्यांचे प्रचंड चित्र कापडापासून समजून घ्यावे. तो कॅनव्हास १४ मीटर उंच, १२३ मीटर लांब, म्हणजे १,७२२ चौरस मीटर. सोव्हिएत रशियातील सूर्स्क येथील गिरणीत तो अखंड विणला गेला, वजन १.१ टन. हिशेब केला तर चौरस मीटरला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. नेहमीच्या यंत्रमागावर एवढा पन्हा निघणार नाही. पट्टे जोडून काम भागवले असते, तर प्रत्येक पट्ट्याचा ताण वेगळा पडून शिवणीवरचा रंग आधी तडकला असता. गोलाकार ताणलेले कापड मध्यावर आत ओढले जाते, हे इथल्या विणकराला सांगावे लागत नाही. ट्यूब्के यांनी आधी एक दशांश आकारात संपूर्ण चित्र रंगवले, मग १९८३ ते १९८७ परांचीवर चढून मदतनिसांसह मोठे केले.

सरकारला हवा होता १५२५ च्या शेतकरी बंडाचा गौरव. ट्यूब्के यांनी काढला तो लढाईच्या मध्यभागी झेंडा खाली झुकवून उभा असलेला, बंडाचा हरलेला नेता थॉमस म्युन्त्सर. १४ सप्टेंबर १९८९ रोजी हे चित्र खुले झाले आणि बरोबर आठ आठवड्यांनी बर्लिनची भिंत पडली. हे प्रचारचित्र म्हणायचे असेल, तर प्रचार कशाचा, तेही लेखकाने सांगायला हवे होते.

याच चित्राचा एक तुकडा आपण दोन कॉलमांत, माप न देता छापलात. कलाशिक्षक पदविकेचे विद्यार्थी अशी कात्रणे वहीत चिकटवतात आणि ते चित्र वहीएवढेच समजतात. पुढच्या वेळी चित्राखाली साल, माप, माध्यम आणि काम कोणी दिले, एवढे छापावे. चित्र कापून छापले असेल, तर तसेही लिहावे. एक ओळ पुरते.

आपले,
सोलापुरातील काही कलाशिक्षक