विन्या, सही करण्याआधी वाच

एडमंटन, कॅनडा, २८ सप्टेंबर

प्रिय विन्या,

गणपती येऊन गेले तरी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, याची फार लाज वाटते. तब्येती ठीक, गुडघाही बरा आहे.

तू घेणार आहेस त्या गाडीचा काल पाठवलेला फोटो पाहिला. खाली तुझं वाक्य: ‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, मग थंडीचे वेगळे टायर कशाला?’ आंबोलीच्या घाटात आपण यावरूनच भांडलो होतो ना? तेव्हा पक्या मध्ये पडला. आता तो नाही, म्हणून हे भांडण पुरतं होऊ दे.

काळजी तुझी नाही, मीनलची आहे. तिची नाइट ड्युटी, विनिपेगचा जानेवारी, गाडी बारा तास उघड्यावर आणि तिथे इंजिन गरम ठेवायला विजेचा प्लगही नाही. हे वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही येत नाही.

आधी टायर. ऑल-व्हील ड्राइव्हने, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाल्याने, गाडी बर्फातून निघते, पण ब्रेक लावल्यावर तिचा काही उपयोग नाही. गाडी थांबते ती टायरच्या रबरामुळे, आणि बारमाही ऑल-सीझन टायरचं रबर ७ अंशांखालीच कडक व्हायला लागतं. तिथल्या चौकांत उभ्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर गोठते आणि चौक काचेसारखा गुळगुळीत होतो. उणे १५ च्या खाली मीठही फारसं चालत नाही, म्हणून वाळू टाकतात. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह बघूनच घे. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. चारही घे. पुढे दोनच घातलेस तर वळणावर मागची चाकं निसटतात आणि गाडी गर्रकन फिरते. साध्या स्टीलच्या रिमवर वेगळा सेट करून ठेव, म्हणजे दर मोसमात टायर उपसायला नको. चाकं बदलल्यावर १०० किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घे. नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो टायर बर्फासाठी संपला. पैशांचं कारण सांगू नकोस, मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्स विंटर टायरसाठी कर्ज देते. सनरूफवाल्या मॉडेलऐवजी खालचं मॉडेल घे आणि वाचलेले पैसे इथे घाल.

हवेचंही लक्षात ठेव. उबदार गॅरेजमध्ये भरलेली ३२ पीएसआय हवा उणे ३० ला २४ च्या आसपास येते. पंक्चर शोधत बसू नकोस, गाडी गार असताना भर. सकाळी पहिले काही किलोमीटर चाकं धडधडतील. रात्रभर एका जागी दबून ती चपटी झालेली असतात, धावली की गोल होतात.

पक्याची बायको म्हणायची, विन्याला पटवायचं तर आकडे टाका. घे मग आकडे. उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो. बॅटरीवर ‘सीसीए’ लिहिलेलं असतं, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायची ताकद, तो आकडा उणे १८ लाच मोजतात. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त सीसीएची, शक्यतो एजीएम बॅटरी बसव. भरलेली बॅटरी तिथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली उणे १० लाही गोठू शकते. फुगलेली दिसली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जंपर केबल लावायची नाही, फुटते. हे मीनलला नीट सांग.

ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनातला विजेचा हीटर, आहे का ते डीलरला आजच विचार. तो साधारण ४०० ते ६०० वॅटचा असतो, इंजिनात फिरणारं कूलंटचं पाणी गरम ठेवतो आणि वायर पुढच्या जाळीतून बाहेर येते. उणे १५ च्या खाली गेलं की घरी लावायचाच. रात्रभर नको, निघण्याआधी तीन-चार तास चालेल असा टायमर बसव. ड्युटीवर प्लग नाही, तिथे कमांड स्टार्ट, म्हणजे दुरून रिमोटने इंजिन सुरू करायची सोय, लागेल. काहींमध्ये दर काही तासांनी इंजिन आपोआप सुरू करायची सोय असते, तसाच माग. फक्त बंद गॅरेजमध्ये ती सोय कधीही चालू ठेवू नका, आणि बाहेर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते बघा.

ऑइल फुल सिंथेटिकच घे. मॅन्युअल परवानगी देत असेल तर डब्यावर ‘०डब्ल्यू’ लिहिलेलं, म्हणजे थंडीत जास्त पातळ राहणारं. ते उणे ४० लाही पंपाने वर चढतं, ५डब्ल्यूची हमी उणे ३५ पर्यंतच. कूलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल (गोठू न देणारं द्रव्य) निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ ला गोठतं, म्हणून तिथे ६० टक्के ग्लायकॉल ठेव. जास्त म्हणजे चांगलं असं समजून शुद्ध ओतशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे! शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. काच धुवायचं पाणी उणे ४५ चं घे, आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, तडकते. दाराच्या रबराला सिलिकॉन लाव. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

बातम्यांत ‘वाऱ्यासकट उणे ४७’ म्हणतात त्याने घाबरू नकोस. वाऱ्याने गाडी लवकर गार होते, पण हवेच्या तापमानाखाली जात नाही. माणसाचं तसं नाही. म्हणून डिकीत फावडं, वाळूची पिशवी, जंपर केबल आणि आक्कांनी शिवलेली ती जाड गोधडी ठेव. मेणबत्त्या, काडेपेटी आणि शेंगदाण्याची चिक्की मात्र आत, सीटखाली. वादळात अडकली तर मीनलने गाडी सोडून चालत निघायचं नाही. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, त्याआधी सायलेन्सर मोकळा करायचा आणि जिकडून वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची.

तुझी नोकरी कशी आहे, ओवीला शाळा आवडली का, आई कधी येणार, सगळं लिही. घर घेतलंस त्याचं अभिनंदन राहूनच गेलं.

सही करायच्या आधी मला बॅटरीच्या लेबलचा आणि टायरच्या कडेचा फोटो पाठव. रात्र असली तरी फोन कर, मी उचलेन.

तुझा,
संज्या